पैलवानाच्या पायात सपाता

जुलै २०२३. चंदगड तालुक्यातली आमची काजूची बाग आणि बागेकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवरचं शेवटचं वळण. डावीकडे बांध, उजवीकडे ओहोळ, मध्ये दहा फुटांची तांबडी वाट आणि लगेच अंगावर येणारा चढ. गाडी २०१८ ची थार, जुन्या बांधणीची. दांडा फोर-लोवर, म्हणजे चारही चाकांना हळू पण जोरकस ताकद देणाऱ्या खाचेत ओढलेला, पहिला गिअर, मागचं डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना कमीजास्त फिरू देणारी गिअरपेटी, वेळ पडली तर आपोआप लॉक होणारं. कागदावर ही गाडी झाडावरही चढायला हवी. प्रत्यक्षात चारही चाकं जागच्या जागी गरगरत होती आणि गाडी अगदी अदबीनं, कसलीही घाई न करता, मागे ओहोळाकडे सरकत होती.

हँडब्रेक ओढून खाली उतरलो. टायरला कधी नक्षी होती हे सांगून कुणाला पटलं नसतं. खाचांत तांबडी माती ठासून बसलेली, वरून पावसानं हात फिरवलेला. गुळाच्या चार ढेपा उभ्या करून त्यावर गाडी ठेवावी, तसं दिसत होतं.

शेजारच्या रानातले आप्पा ट्रॅक्टर घेऊन आले. साखळी लावली, दोन मिनिटांत गाडी वर. मी आपली लाज झाकायला म्हणालो, "आता गाडी ओढून काढणारी विंच बसवूनच घेतो." आप्पांनी हातातल्या काठीनं टायरवरची माती टोकरली. म्हणाले, "आवो, गाडी पैलवान हाय तुमची. पर पायात सपाता घालून उतरीवलाय त्येला निसरड्यात. विंच कशाला? आधी बूट घाला की."

टायर गाडीबरोबर कंपनीतून आलेलेच होते, पाच वर्षांचे. गोटा झाले नव्हते, पण मधल्या ठोकळ्यांची उंची बोटाला जेमतेम लागत होती. कोल्हापुरात रस्त्यावर त्यांनी कधी दगा दिला नाही, म्हणून माझं लक्षच गेलं नव्हतं. फोर बाय फोर म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना वाटून देणारी व्यवस्था. ती ताकद जमिनीला लावायचं काम चार तळव्यांएवढ्या रबराचं. तिथंच बोंब असेल तर दांडा कुठंही ओढा.

मग सुरू झाली टायरची शोधाशोध. ती दहा महिने चालली, आणि त्यातले पहिले तीन मी चुकीच्याच टायरच्या प्रेमात होतो.

चुकीचा टायर म्हणजे मड टेरेन, एम/टी. एका मित्राच्या जिप्सीला ते होते. ट्रॅक्टरच्या टायरचा धाकटा भाऊ वाटावा असे सुटे सुटे जाड ठोकळे, मधल्या खाचा इतक्या रुंद की बोटं आत जातील. चिखलासाठी हेच खरं औषध. खाचा रुंद असल्या की चाक फिरताना माती आत टिकत नाही, फेकली जाते आणि पुढच्या फेरीला ठोकळ्याची धार पुन्हा मोकळी मिळते. माझ्या टायरचं नेमकं हेच होत नव्हतं. अरुंद खाचांत चिकट माती एकदा बसली की बसली. शिवाय एम/टी दिसायला काय दिसतात! ते टायर घातलेली गाडी दारात नुसती उभी राहिली तरी गल्लीतली पोरं थांबून बघतात. मीही त्यातलाच.

सप्टेंबरमध्ये त्याच जिप्सीतून संकेश्वरपर्यंत गेलो. पाऊस होता. कागल सोडलं आणि गाडीत बोलायचं म्हणजे ओरडायचं असा प्रकार सुरू झाला. ते चाललं असतं. पण तवंदी घाट उतरताना पुढच्या ट्रकनं ब्रेक मारला, आमच्या मित्रानं मारला, आणि गाडी जिथं थांबेल असं मला वाटलं होतं तिच्या बरीच पुढं जाऊन थांबली. काही झालं नाही. दोघंही पुढची दहा मिनिटं गप्प होतो. ओल्या डांबरावर पकड मिळते ती ठोकळ्यांवरच्या बारीक चिरांमुळे. टायर दबला की त्या चिरांच्या कडा रस्त्यावरची पाण्याची पातळ साय कापून खालच्या डांबराला भिडतात. जाड ठोकळ्यांच्या चिखली टायरला चिरा कमी, रस्त्याला प्रत्यक्ष टेकणारं रबरही कमी. आखाड्यातला गडी संगमरवरी फरशीवर आणल्यासारखं.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "तुम्ही चिखलात नेमकं किती चालवता हो?" मी म्हटलं, "पुष्कळ." ती म्हणाली, "पुष्कळ म्हणजे किती?"

म्हणून वही केली. ऑक्टोबर ते डिसेंबर, प्रत्येक फेरीला मीटरचा आकडा लिहायचा. डांबर कुठं संपलं, खडी कुठं सुरू झाली, माती कुठून कुठवर. तीन महिन्यांत एकूण २,३४० किलोमीटर. त्यातलं महामार्ग आणि बरं डांबर २,०५०. उखडलेला गावरस्ता आणि खडी २३०. आणि तांबडी माती, जिच्यासाठी मी तीन महिने जीव टाकत होतो, ती ६०. शंभरात अडीच. पावसाळ्यात जरा वाढेल, पण किती?

बायको वही बघून म्हणाली, "म्हणजे साठ किलोमीटरसाठी दोन हजार किलोमीटर कानात बोळे घालायचे." यावर उत्तर नव्हतं. पण त्या साठातल्या शेवटच्या दोनशे फुटांवर अडकलो की बागेत पोचत नाही, हेही खरं. डांबरासाठी केलेला हायवे टेरेन, एच/टी, म्हणजे माझ्या जुन्या टायरांची जात, आधीच नापास झालेली. एम/टी तवंदी घाटानं बाद केला. उरला मधला ऑल टेरेन, ए/टी. दोन्ही दगडांवर पाय ठेवणारा टायर म्हणून त्याला लोक नावं ठेवतात. माझं आयुष्यच दोन दगडांवर आहे, त्याला मी काय करू.

मग आकाराचा मोह. माझ्या गाडीचा मूळ आकार २३५/७० आर १६. म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, आणि आत १६ इंची रिम. या गाडीला हौशी मंडळी सर्रास २४५/७५ आर १६ घालतात. हिशेब करून बघितला. मूळ टायर उभा ७३५ मिलिमीटर, मोठा ७७४. गाडी त्याच्या निम्म्यानं, म्हणजे जवळपास दोन सेंटिमीटर उचलली जाते. दिसायला झकास, दगडावरून पोट वाचतं. पण मीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४ नं पळत असेल, प्रत्येक गिअर पाच टक्के उंच झाल्यासारखा होईल आणि चढावर ओढ तेवढी कमी लागेल. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर कुठं ना कुठं घासायची भीती. मागच्या दारावर लटकणारी स्टेपनी जड होईल ती वेगळीच. आणि उद्या काही झालं तर विम्यावाल्यापुढं टायरच्या आकाराचा खुलासा करत बसायची माझी इच्छा नव्हती. दोन सेंटिमीटरसाठी एवढा संसार नको. मूळ आकारच ठरवला.

या सगळ्यात खरं शहाणपण मिळालं ते गडहिंग्लजच्या एका पंक्चरवाल्या मामांकडे. खिळा काढायला थांबलो होतो. मामांच्या टपरीमागं मेलेल्या टायरांचा ढीग. "कुठला टायर घेऊ" असं विचारल्यावर मामा काही बोलले नाहीत, ढिगाकडं घेऊन गेले. "ह्यो बघा, कसा मेला ते बघा." एकेक टायर उलटापालटा करून दाखवायला लागले. नक्षी झिजून मेलेले थोडे. बरेचसे मेले होते बाजूनं. एकाच्या गालावर चार बोटं लांब काप. कारवीचा तिरका तोडलेला खुंट घुसलेला. दुसऱ्याला जांभ्याच्या चिऱ्याची धार लागलेली. तिसऱ्याच्या बाजूला अंड्याएवढा फुगा. खड्ड्याच्या कडेला टायर रिमशी चेमटला आणि आतले धागे तुटले. "मदी खिळा शिरला तर पन्नास रुपयांत भागवतो मी," मामा म्हणाले, "गाल फाटला की नवा टायर. तिथं ठिगाळ लावत न्हाई. गाल तिथंच सारखा वाकतो, ठिगाळ ऱ्हाईलच कसं?"

तोवर मी फक्त नक्षी बघत होतो. मामांनी टायरच्या बाजूवरचं बारीक अक्षर वाचायला शिकवलं. ट्रेडखाली, म्हणजे नक्षीखाली, किती पदर, साइडवॉलला, म्हणजे गालाला, किती पदर, हे तिथं सरळ छापलेलं असतं: पॉलिस्टर इतके, स्टील इतके, नायलॉन इतके. साधारण टायरला बाजूला एक किंवा दोन पदर. बीएफगुडरिचच्या केओ-टूसारख्या दणकट टायरला तीन. मामांचं शालेय शिक्षण किती ते मला माहीत नाही, पण त्या दिवशी अर्धा तास मी विद्यार्थी होतो.

मात्र तीन पदरांचीही किंमत असते. असले टायर बहुधा एलटी जातीचे, म्हणजे हलक्या ट्रकच्या हिशेबानं बांधलेले. ओळखायची खूण सोपी: भाराचा आकडा एकाऐवजी जोडीनं येतो. १०४/१०१ एस. पहिला आकडा एकेरी चाकाचा, दुसरा ट्रकसारख्या जोडचाकाचा. १०४ म्हणजे ९०० किलो, एस म्हणजे ताशी १८० पर्यंत. माझ्या आकारातल्या साध्या ए/टीवर १०६ असतं, म्हणजे ९५० किलो. गाडी, आम्ही दोघं आणि मागं काजूची पोती धरली तरी वजन सव्वादोन टनांच्या आसपास. चार साधे टायर ३,८०० किलो तोलतात. एलटी टायर जड, ताठ, आणि आतली हवाही जास्त मागणारा. रिकाम्या गाडीत माझ्या मागच्या पाट्याच्या स्प्रिंगा आधीच एवढ्या उडवतात की त्यात आणखी ताठपणा घालून बायकोला पाठीचं दुखणं द्यायचं मला परवडणारं नव्हतं. दोन पदरांचा, पण बाजूला खांद्यावरून खाली उतरलेले जाड ठोकळे असलेला साधा ए/टी, असं मनाशी ठरलं. खुंट आला तर आधी त्या ठोकळ्याला लागेल, गाल वाचेल.

दुकानं फिरलो. योकोहामाचा जिओलँडर, जनरलचा ग्रॅबर, अपोलोचा ॲप्टेरा, नावं तोंडपाठ झाली. परदेशी मालाबद्दल विचारलं की "साहेब, येत नाही हल्ली" हे ठरलेलं उत्तर. त्यात थोडं तथ्य आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं नव्या टायरांच्या आयातीवर निर्बंध घातले, परवाना लागू लागला, आणि काही आकार बाजारातून गायबच झाले.

एका दुकानात मात्र हवा तो टायर लगेच निघाला, तोही सवलतीत. मी खूश. टायर आडवा केला, बाजूची पावडर रुमालानं पुसली आणि चार आकड्यांची लांबट चौकट शोधली. सापडेना. दुकानदार म्हणाला, "याच्यावर नसते." मी टायर पलटला. तारखेसह पूर्ण कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो. पलीकडं होतं: ३५२०. पस्तिसावा आठवडा, २०२०. म्हणजे ऑगस्टअखेर. आणि आम्ही बोलत होतो एप्रिल २०२४ मध्ये. साडेतीन वर्षं तो टायर कुठल्या गोदामात, कुठल्या पत्र्याखाली भाजत होता कुणास ठाऊक. वापरला नाही तरी रबर म्हातारं होतंच. "नवाकोरा आहे साहेब, केस बघा," असं म्हणत दुकानदार टायरवरचे रबरी केस दाखवत होता. मी नमस्कार केला.

शेवटी मे महिन्यात दुसरीकडे ०९२४ चे पाच मिळाले. पन्नास हजारांच्या जरा वर गेले. कुठल्या कंपनीचे ते मुद्दाम लिहीत नाही. तुमची वही माझ्या वहीसारखी असायची नाही, आणि नाव वाचलं की लोक वही करत नाहीत.

पाच कशाला, हा प्रश्न दुकानातही आला. "स्टेपनी चांगली आहे की, चारच घ्या." स्टेपनीवर नक्षी चार मिलिमीटर, नव्यावर अकरा. म्हणजे व्यासात चौदा मिलिमीटरचा फरक. नवं चाक किलोमीटरला साधारण ४३३ फेऱ्या मारेल तेव्हा ते जुनं ४४१ मारेल. टू व्हीलवर डिफरन्शियल ते पचवतं. पण या गाडीत फोर व्हीलला टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, मध्ये सूट द्यायला काही नसतं. ओल्या चिखलात चाक घसरून हिशेब मिटतो. कोरड्या, घट्ट रस्त्यावर तो ताण गिअरच्या दातांवर जातो. शिवाय पाच असले की पाचही फिरवत ठेवता येतात, सगळे सारखे झिजतात.

बसवताना मी तिथंच स्टूल टाकून बसलो. जुना टायर रिमवरून सुटताना आतून अर्धी ओंजळ तांबडी धूळ पडली. कुठून शिरली देवाला माहीत. वॉल्व्ह नवे घालून घेतले. बॅलन्सिंगच्या मशिनवर एका चाकाला शिशाचे बरेच तुकडे लागायला लागले, तेव्हा पोऱ्या ते नुसते डकवत सुटला होता. मिस्त्रींनी त्याला थांबवलं, हवा सोडली, टायर रिमवर अर्धा फिरवून पुन्हा बसवला. शिसं निम्म्यावर आलं. रिमचा आणि टायरचा जड भाग एकाच बाजूला आले होते, एवढंच. जड नक्षीच्या टायरला हे पाहावंच लागतं, नाहीतर ऐंशीला स्टिअरिंग थरथरतं.

बागेत गेल्यावर काजू मोजायच्या काट्यावर जुनी आणि नवी स्टेपनी ठेवून बघितली. रिमसकट जुनी २७ किलो, नवी ३१. आप्पा म्हणाले, "आता चाकंबी इकाय काढली काय?"

आता परिणाम. आवाज आहे. साठपर्यंत कळत नाही, सत्तरला एक बारीक घुमणं सुरू होतं, नव्वदला गाणी जरा मोठ्यानं लावावी लागतात. डिझेल लिटरला तेरा द्यायची ती गाडी आता बारा-सव्वाबारा देते. ओल्या डांबरावर जुन्या टायरांपेक्षा नक्कीच निर्धास्त, पण ते जुने झिजले होते, त्यामुळं या तुलनेला फारसा अर्थ नाही. तवंदी घाट मी अजूनही अंतर राखूनच उतरतो.

आणि ते वळण. जुलै २०२४, दोन दिवस संततधार. चढाच्या आधी थांबून हवा ३२ वरून २२ वर आणली. हवा कमी केली की टायर पसरतो, लांब टेकतो. मात्र मग तिशीच्या वर पळवायचं नाही आणि झटके देऊन वळवायचं नाही. वर पोचल्यावर भरायला बॅटरीवर चालणारा छोटा पंप होता. पहिल्या वेळी अर्ध्यावर गेलो आणि थांबलो. चूक माझी, घाबरून मध्येच पाय काढला. मागं आलो. दुसऱ्यांदा फोर-लो, दुसरा गिअर, पाय एकसारखा. चाकं थोडी फिरली, खिडकीच्या काचेवर लाल गोळे थाडथाड आदळले, आणि गाडी हळूहळू, कुरकुरत, वर आली. काचेवरचे ते गोळे बघून मला जो आनंद झाला तो सांगून कळणार नाही. माती खाचांत बसली नव्हती, बाहेर पडत होती.

उतरताना मात्र तीच गाडी हातभर आडवी घसरली. खाली ओढायला वजन असतं, आणि टायरला ते कळत नाही असं नाही.

दोन पावसाळे झाले. १४ हजार किलोमीटरला नक्षी मोजली, साडेनऊ मिलिमीटर. गालावर दोन ओरखडे आहेत, दोन्ही ठोकळ्यांवर अडलेले. मामांना मुद्दाम नेऊन दाखवले.

यंदाच्या मे महिन्यात वाटेवरच्या आम्ही पाच-सहा बागवाल्यांनी वर्गणी काढली आणि त्या वळणावर जांभ्याचे तुकडे टाकून वर मुरूम दाबून घेतला. माझ्या वाट्याला आलेली रक्कम एका टायरपेक्षा कमी होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भर पावसात आप्पांचा जावई साधी अल्टो घेऊन तिथनं वर आला. गाडी लावली, पायातल्या सपाता झटकल्या, माझ्या थारभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "दाजी, एवढे दांडगे टायर कशाला घातलासा?"

आप्पा चहा ओतत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही.